नाशिकहून सॅन फ्रान्सिस्को: अंतर नेमके किती आणि प्रवासाला वेळ किती धरावा?

इंदिरानगरकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

आमची धाकटी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी आणि माझी पत्नी येत्या ऑक्टोबरमध्ये तिकडे जाणार असून परतीचा प्रवास जानेवारीत करण्याचा विचार आहे. इतका लांबचा विमानप्रवास आम्ही दोघांनीही यापूर्वी केलेला नाही. पत्नीला गुडघेदुखीचा त्रास असल्यामुळे एकूण किती तास बसून काढावे लागतील, हा आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि नेमके त्याच बाबतीत मला जिथे विचारावे तिथे वेगळे उत्तर मिळत आहे.

आमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मोटारीने मुंबईला जाऊन तेथून दुबई, फ्रँकफर्ट किंवा सिंगापूर येथे एकदा विमान बदलून पुढे जाणे. दुसरा म्हणजे नाशिकजवळच्या ओझर विमानतळाहून विमानाने दिल्ली गाठणे आणि दिल्लीहून थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान पकडणे. दिल्लीला जाणे म्हणजे विनाकारण उत्तरेकडे वळसा घेणे, असे आमच्या व्याह्यांचे म्हणणे आहे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पाहिले तर मलाही ते पटते, कारण नकाशात अमेरिका आपल्या डावीकडे, म्हणजे सरळ पश्चिमेला दिसते.

शंका अशी की, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर असल्याचे संगणकावर दिसते. परंतु नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर ते त्याहून पुष्कळ जास्त भरते. शिवाय तिकिटावरच्या वेळा पाहिल्या तर जाताना केवळ तीन-चार तास लागतील असे वाटते आणि येताना जवळजवळ तीस. मुलगी म्हणते की दोन्हीकडचा प्रवास साधारण सारखाच असतो, येताना थोडा अधिक वेळ लागतो. हे सर्व नीट समजून घेऊनच तिकिटे काढावीत असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त भूगोल शिक्षिका

इंदिरानगरकर, आपली शंका अगदी रास्त आहे. शाळेत शिकवत असताना नववीच्या वर्गात दर वर्षी हाच प्रश्न कोणी ना कोणी विचारत असे.

भिंतीवरचा नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे, यातच बहुतेक सारे आले. आपण पाहता तसा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. ती पद्धत 1569 साली प्रसिद्ध झाली आणि ती मुळात खलाशांसाठी होती. तिच्यात दिशा बरोबर राहते, परंतु विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे अंतर आणि क्षेत्रफळ फुगत जाते. त्यामुळे त्या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट मोठी आहे. अशा नकाशावर पट्टीने ओढलेली सरळ रेषा ही गोलावरील सर्वांत जवळची वाट नसते.

आपल्या घरी किंवा शेजारच्या मुलांकडे पृथ्वीगोल असेल तर एक प्रयोग अवश्य करावा. शिवणाचा दोरा घ्यावा, त्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे आणि दुसरे टोक सॅन फ्रान्सिस्कोवर नेऊन दोरा ताणावा. प्रथम तो आपल्या सवयीप्रमाणे युरोपवरून किंवा चीन-जपानवरून न्यावासा वाटतो. परंतु तो जसजसा ताणाल तसतसा आपोआप वर सरकू लागतो आणि अखेरीस उत्तर ध्रुवाजवळ गोलाच्या दांड्याला जी पितळी टोपी असते, तिच्या अगदी जवळून जाऊन स्थिरावतो. गोल लहान असेल तर तो त्या टोपीला अडतोसुद्धा. ताणलेला दोरा सर्वांत आखूड असतो, त्यामुळे तीच दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट होय. तिला बृहद्वृत्त मार्ग म्हणतात.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. मुंबईचा विमानतळ सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आणि 73 अंश पूर्व रेखांशावर आहे, तर सॅन फ्रान्सिस्कोचा सुमारे 37.6 अंश उत्तर आणि 122.4 अंश पश्चिम येथे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर धरून गोलीय त्रिकोणमितीने हिशेब केला तर दोन्ही ठिकाणांमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे 121.5 अंशांचा कोन होतो. प्रत्येक अंशाला 111 किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे एकूण अंतर 13,500 किलोमीटरांच्या आसपास भरते. संगणकाने दाखविलेला आकडा बरोबर आहे. मर्केटर नकाशावर पूर्वेकडून सरळ रेषेने गेलात तर हाच प्रवास 16,100 किलोमीटरांच्या घरात जातो, आणि पश्चिमेकडून गेलात तर त्याहूनही लांब, कारण मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्को पश्चिमेकडे 195 अंशांवर आहे आणि पूर्वेकडे 165 अंशांवर. अमेरिका पश्चिमेला, हे न्यूयॉर्कच्या बाबतीत मनात बसलेले चित्र कॅलिफोर्नियाला लागू होत नाही. तिथे जाण्यासाठी पूर्वेची बाजू जवळची आहे, आणि उत्तरेची सर्वांत जवळची.

आता आपल्या व्याह्यांच्या मुद्द्याकडे वळते, कारण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही बृहद्वृत्त रेषा मुंबईहून निघताना जवळजवळ उत्तरेला जाते, पूर्वेकडे कलते ती फक्त चौदा अंशांनी. दिल्ली या रेषेच्या इतकी जवळ आहे की मुंबई ते दिल्ली सुमारे 1,140 किलोमीटर आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे 12,380 किलोमीटर यांची बेरीज मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को या सरळ अंतराहून जेमतेम दहा किलोमीटरांनी अधिक भरते. साडेतेरा हजारांत दहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. त्यामुळे दिल्ली हा वळसा नसून ती आपल्या वाटेवरच आहे. तुलनेसाठी, मुंबईहून दुबईमार्गे हे अंतर सुमारे 14,950 किलोमीटर, फ्रँकफर्टमार्गे 15,700 आणि सिंगापूरमार्गे 17,500 किलोमीटर होते.

नाशिककरांसाठी तर ही गोष्ट आणखी स्पष्ट आहे. मुंबई आपल्या नैर्ऋत्येला आहे, म्हणजे मुंबईला जाताना आपण सॅन फ्रान्सिस्कोपासून थोडे दूरच जातो. ओझर ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे 990 किलोमीटर असून ते पूर्णपणे जाण्याच्या दिशेने कापले जाते.

उड्डाणनियोजन

बाईंनी भूगोलाची बाजू इतकी नीट मांडली आहे की त्यात भर घालण्यासारखे फार थोडे आहे. मी काही वर्षे एका विमान कंपनीच्या उड्डाण नियोजन कक्षात काम केले. विमान सुटण्यापूर्वी त्याचा मार्ग, उंची आणि इंधन ठरविणे हे तिथले रोजचे काम. त्या अनुभवावरून एवढे निश्चित सांगतो की, कागदावरची सर्वांत जवळची वाट आणि विमान प्रत्यक्ष ज्या वाटेने जाते ती वाट या दोहोंत पुष्कळदा मोठे अंतर असते, आणि प्रवाशाला लागणारा वेळ दुसऱ्या वाटेवर ठरतो.

बाईंच्या दोऱ्याची रेषा पुढे कुठून जाते ते पाहा. दिल्लीच्या थोडे पश्चिमेकडून हिमाचल, लडाख, काराकोरम, चीनचा शिनजियांग प्रांत, अल्ताई पर्वत, सायबेरिया, मग 76-77 अंश उत्तरेपर्यंत आर्क्टिक महासागर, तेथून अलास्का आणि कॅनडाचा पश्चिम किनारा. या रेषेवर पहिलाच अडथळा हिमालयाचा आहे. विमान 35,000 फुटांवरून जात असताना शिखरे खालीच राहतात, त्यामुळे अडथळा शिखरांच्या उंचीचा नाही. केबिनमधील हवेचा दाब काही कारणाने गेला तर वैमानिकाला विमान तातडीने सुमारे 10,000 फुटांवर, म्हणजे तीन हजार मीटरांपर्यंत खाली आणावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतून मिळणारा प्राणवायू अनेक विमानांत साधारण 12 ते 15 मिनिटेच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरांहून अधिक आहे. तिथे खाली यायला जागाच नसते. त्या पट्ट्यातून जाणाऱ्या मोजक्या मार्गांसाठी विशेष तयारी आणि विशेष परवानगी लागते, म्हणून बहुतेक विमाने हा भाग वळसा घालून टाळतात.

दुसरी गोष्ट इंजिनांची. आज या मार्गांवर धावणारी बोइंग 777, बोइंग 787 किंवा एअरबस ए350 ही सर्व दोन इंजिनांची विमाने आहेत. एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एका इंजिनावर ठराविक वेळेत गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत उपलब्ध असला पाहिजे, असा नियम आहे. ही मुदत पुष्कळ ठिकाणी 180 मिनिटांची असते, आणि काही विमानांना ती 330 मिनिटांपर्यंत मंजूर झालेली आहे. त्यामुळे उत्तर पॅसिफिकवरचा मार्ग आखताना अलास्कातील कोल्ड बे किंवा रशियातील मगादान अशा, प्रवाशांनी कधी नावही ऐकलेले नसेल अशा गावांच्या धावपट्ट्यांची त्या दिवशीची हवा पाहावी लागते. जून 2023 मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे मगादानलाच उतरविले गेले होते, हे अनेकांना आठवत असेल. अशा दूरच्या धावपट्ट्या नकाशात का आखून ठेवलेल्या असतात ते त्या दिवशी सर्वांना दिसले.

ध्रुवाजवळचा मार्ग हा आणखी निराळा विषय आहे. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाच्या सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू हे उड्डाण उत्तर ध्रुवावरून केले. कॅप्टन झोया अगरवाल त्या विमानाच्या प्रमुख होत्या. तिकडे बाहेरचे तापमान उणे 60 अंशांच्याही खाली जाऊ शकते. विमानाचे सामान्य इंधन उणे 47 अंशांच्या सुमारास गोठू लागते. म्हणून पंखांतल्या इंधनाच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावे लागते आणि ते फार उतरले तर विमान खालच्या, तुलनेने उबदार हवेत आणावे लागते किंवा त्याचा वेग वाढवावा लागतो.

आता इंदिरानगरकरांच्या मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे वेळेकडे येतो. मोठे प्रवासी विमान हवेच्या सापेक्ष ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने जाते. पण ती हवा स्वतःच वाहत असते. उत्तर गोलार्धात साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरांहून अधिक असणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि हिवाळ्यात जपानच्या आसपास तो त्याहून पुष्कळ वाढतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, आणि आपले निष्कर्ष एस्परांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले होते. त्याकडे त्या वेळी बाहेरच्या जगाचे फारसे लक्ष गेले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

हिशेब साधा आहे. 13,500 किलोमीटरांच्या प्रवासात सरासरी ताशी 100 किलोमीटरांचा वारा पाठीशी मिळाला तर जमिनीवरचा वेग 1,000 होतो आणि साडेतेरा तास लागतात. तेवढाच वारा समोरून आला तर वेग 800 राहतो आणि वेळ सतरा तासांच्या जवळ जातो. म्हणजे अंतर तेच, परंतु वेळेत साडेतीन तासांचा फरक पडतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच मार्गावरचे आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यास सुरुवात केली. बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान आणि मग समुद्र असा तो मार्ग होता. त्या पहिल्या उड्डाणात विमानाने सुमारे 15,300 किलोमीटर अंतर कापले, म्हणजे जुन्या मार्गापेक्षा सुमारे 1,400 किलोमीटर जास्त, आणि तरीही ते सुमारे साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोहोचले. भागाकार करून पाहा: ताशी 1,055 किलोमीटर. वाऱ्यावर स्वार होण्यासाठी लांबची वाट मुद्दाम पत्करली, आणि ती फायद्याची ठरली.

म्हणूनच बाईंच्या यादीतील किलोमीटर पाहून मार्ग निवडू नये, अशी माझी नम्र सूचना आहे. दिल्ली वाटेवर आहे हे खरेच. पण विमान दिल्लीहून कोणत्या बाजूने जाईल हे त्या रात्रीचा वारा ठरवतो, आणि अलीकडे शेजारी देशांची हवाई हद्दही ठरवते. 2022 पासून अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली आणि तो निर्णय पुढे महिनोन्महिने वाढवत नेला, त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. एकाच दोन शहरांसाठी एका कंपनीचे तिकीट 16 तास दाखवते आणि दुसरीचे 18, त्यामागे अशी कारणे असतात.

सिन्नरचा विद्यार्थी

सर, एक शंका आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि विषुववृत्तावर तो वेग ताशी 1,670 किलोमीटर असतो. मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाखाली पृथ्वी स्वतःच पुढे सरकत येत असल्यामुळे त्याला कमी वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात उलट का होते?

उड्डाणनियोजन

हवा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेत असते. विमान धावपट्टीवर उभे असतानाही ते पृथ्वीच्या वेगानेच पूर्वेकडे जात असते आणि उडाल्यावर तो वेग त्याच्याजवळ राहतो. त्यामुळे खालून पृथ्वी निसटून जात नाही.

पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो निराळ्या रीतीने. उष्ण कटिबंधातील तापलेली हवा वरच्या थरातून ध्रुवाकडे सरकते, तेव्हा परिवलनामुळे ती उत्तर गोलार्धात उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळते. त्यातून जेट स्ट्रीम तयार होतो. ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातील फरक हिवाळ्यात अधिक असल्यामुळे तेव्हा तो वाराही अधिक जोरदार असतो. फेब्रुवारी 2020 मध्ये अटलांटिकवरील अशाच एका वादळी वाऱ्याच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचले होते. एरवी त्या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

इंदिरानगरकर

बाईंचे आणि सरांचे मनापासून आभार. दोऱ्याचा प्रयोग काल नातवाच्या पृथ्वीगोलावर करून पाहिला. दोरा खरोखरच अलास्कावरून गेला. व्याह्यांनाही बोलावून दाखविला, आणि आता दिल्लीबद्दल त्यांची हरकत राहिलेली नाही.

दोन गोष्टी अजून समजून घ्यायच्या आहेत. तिकिटावरच्या वेळांचा घोळ अजून सुटलेला नाही. आणि इंदिरानगरमधील घराच्या दारापासून मुलीच्या दारापर्यंत एकूण किती तास धरावेत, हे नाशिकमधून असा प्रवास केलेल्या कोणी सांगितले तर फार बरे होईल.

ओझरकर

काका, मी ओझरचाच राहणारा असून दोन्ही मार्गांनी प्रवास केलेला आहे. त्यामुळे जमिनीवरची बाजू मी सांगतो.

आधी तिकिटावरच्या वेळा. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावाच्या घड्याळाप्रमाणे आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या गावाच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. आपल्या आणि कॅलिफोर्नियाच्या घड्याळांत उन्हाळी वेळ चालू असताना साडेबारा तासांचा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. म्हणजे आपण ऑक्टोबरमध्ये जाताना फरक साडेबारा तासांचा असेल आणि जानेवारीत परतताना साडेतेरा तासांचा.

उदाहरणासाठी समजा, विमान रविवारी पहाटे 4 वाजता दिल्लीहून सुटले आणि 16 तास उडाले. तेव्हा आपल्याकडे रविवारी रात्रीचे 8 वाजलेले असतील. त्यातून साडेबारा तास वजा केले की तिथे रविवारी सकाळचे साडेसात. तिकिटावर 4 ते साडेसात दिसते, म्हणून आपल्याला साडेतीन तास वाटले. परतताना समजा तिकडून रविवारी सकाळी साडेदहाला निघालात. तेव्हा भारतात रविवारी मध्यरात्रीचे 12 वाजत असतात. सतरा तासांनी आपण सोमवारी संध्याकाळी 5 वाजता दिल्लीला उतरता. तिकिटावर हे साडेतीस तासांचे दिसते. नेहमी दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत बदलून घ्याव्यात आणि मगच वजाबाकी करावी. तिकिटात एकूण कालावधी वेगळा छापलेला असतो, तो खरा मानावा. त्यात विमान एका विमानतळाच्या गेटपासून निघून दुसऱ्या विमानतळाच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ धरलेला असतो.

आता दारापासून दारापर्यंत. मुंबईमार्गे जाताना इगतपुरीपासून समृद्धी महामार्ग धरता येतो. तिथून आमण्यापर्यंतचा शेवटचा 76 किलोमीटरांचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि त्यातील जवळजवळ आठ किलोमीटरांच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. ही फार मोठी सोय झाली आहे, विशेषतः पावसाळ्यात, कारण धुके आणि वाहनांच्या रांगा यांमुळे घाटात किती वेळ जाईल हे कधीच सांगता येत नसे. पण आमण्याच्या पुढे भिवंडी, ठाणे आणि मुंबईची गर्दी तशीच आहे. त्यामुळे इंदिरानगरहून मुंबईतील सहारच्या विमानतळाला चार तास लागतील असे म्हटले तरी साडेपाच धरून निघावे. आंतरराष्ट्रीय विमानाआधी तीन तास पोहोचावे लागते. पुढे दुबई किंवा फ्रँकफर्टमार्गे विमानात आणि मधल्या थांब्यावर मिळून 22 ते 26 तास, आणि तिथे उतरल्यावर इमिग्रेशन व सामान यांत दीड तास. म्हणजे दारापासून दारापर्यंत सरासरी 34 तास. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला असल्यामुळे तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचावे, म्हणजे गाडी भलत्याच ठिकाणी जाणार नाही.

ओझरमार्गे: इंदिरानगर ते विमानतळ पाऊण-एक तास. विमानतळ छोटा आहे, रांगा लहान असतात, पत्नींना फार चालावे लागणार नाही. तरी दीड-दोन तास आधी यावे. दिल्लीचे उड्डाण दोन तासांचे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को 16 तास धरा. उतरल्यावर दीड तास. दिल्लीतला थांबा सोडून ही बेरीज 22 ते 23 तास होते आणि सगळा खेळ त्या थांब्यावर येऊन थांबतो.

इथे एक गोष्ट फार काळजीपूर्वक पाहावी. ओझर-दिल्ली आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ही तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची आणि वेगवेगळी काढलेली असतील, तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. नवे तिकीट आपल्या खर्चाने काढावे लागते. शिवाय दिल्लीत सामान स्वतः घेऊन पुन्हा द्यावे लागते, आणि आपले देशांतर्गत विमान टर्मिनल 1 ला उतरले तर आंतरराष्ट्रीय टर्मिनल 3 तिथून रस्त्याने काही किलोमीटर दूर आहे. सामानाचेही तसेच. अमेरिकेच्या तिकिटावर साधारणपणे माणशी 23 किलोच्या दोन बॅगा नेता येतात, पण देशांतर्गत वेगळ्या तिकिटावर बहुधा 15 किलोच. लेकीसाठी डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी असे घेऊन निघालेल्या आई-वडिलांना ओझरच्या काउंटरवर जास्तीच्या वजनाचे पैसे भरावे लागलेले मी पाहिले आहेत. काउंटरसमोर बॅग उघडून काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरवावे लागणे फार जिवावर येते. ते पैसे आधीच ऑनलाइन भरले तर स्वस्त पडते.

म्हणून तिकिटे वेगळी असतील तर दिल्लीत किमान सहा तास ठेवावेत. मी तर म्हणेन, आदल्या दिवशीच दिल्लीला पोहोचून विमानतळाजवळ रात्र काढावी. एकूण वेळ वाढेल, पण काकूंच्या गुडघ्यांना पलंगावर पाय पसरून झोपायला मिळेल आणि 16 तासांचे विमान ताज्या अंगाने पकडता येईल. दोन्ही विमानांत व्हीलचेअर आधीच नोंदवून ठेवावी, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. ओझरच्या विमानांचे वेळापत्रक हंगामानुसार बदलत असते, त्यामुळे आधी दिल्लीचे लांबचे तिकीट ठरवून मग ओझरचे काढावे.

निवृत्त भूगोल शिक्षिका

ओझरकरांनी सांगितलेले मुक्कामाचे मला फार पटले. गुडघ्यांच्या बाबतीत एक भर घालते. सलग सोळा तासांचा एक प्रवास आणि मध्ये थांबा असलेले दोन लहान प्रवास यांत फरक आहे, पण दुबईमार्गे गेलात तरी दुबई ते सॅन फ्रान्सिस्को हा तुकडा सुमारे 13,000 किलोमीटरांचा, म्हणजे दिल्लीहून असलेल्या अंतराहूनही लांबच आहे. लांब बसणे त्या वाटेने टळत नाही. फ्रँकफर्टमार्गे मात्र प्रवास 6,570 आणि 9,150 किलोमीटर असा विभागला जातो, त्यात कोणतेही बसणे बारा तासांच्या पलीकडे सहसा जात नाही. एकूण वेळ अधिक लागला तरी आपल्या पत्नींना तो मार्ग सोसेल का, याचा त्यांच्या डॉक्टरांना विचारून निर्णय घ्यावा. कोणत्याही वाटेने गेलात तरी आतल्या मार्गिकेजवळची जागा घ्यावी आणि दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे.

इंदिरानगरकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशीलवार लिहिले, त्याबद्दल मी आणि पत्नी दोघेही आपले ऋणी आहोत. डॉक्टरांची भेट गुरुवारी आहे. त्यांनी सलग सोळा तासांना परवानगी दिली तर ओझरहून आदल्या दिवशी दिल्लीला जाऊन मुक्काम करणार, आणि नाही म्हणाले तर फ्रँकफर्टमार्गे जाणार, असे आम्ही दोघांनी ठरविले आहे. परतीचा प्रवास जानेवारीच्या मध्यावर येतो. त्या वेळी दिल्लीला धुके असते असे ऐकतो. त्याबद्दल काय करावे?

उड्डाणनियोजन

दिल्लीत डिसेंबरअखेर ते जानेवारी या काळात दाट धुके साधारणपणे मध्यरात्रीनंतर उतरते आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकते. सॅन फ्रान्सिस्कोहून येणारी मोठी विमाने कमी दृश्यमानतेत उतरू शकतात, कारण त्यांच्यातील यंत्रणा आणि दिल्लीची धावपट्टी दोन्ही त्यासाठी सज्ज आहेत. तरीही विमानांमधील अंतर वाढवावे लागत असल्याने रांगा लागतात आणि काही विमाने जयपूर किंवा अहमदाबादकडे वळवली जातात. देशांतर्गत उड्डाणे तर सकाळभर उशिराने चालतात.

शिवाय परतताना वारा बहुतेक समोरचा असतो आणि जानेवारीत तो वर्षातला सर्वांत जोरदार असतो, त्यामुळे सोळाऐवजी सतरा-साडेसतरा तास धरावेत. दुपारी किंवा संध्याकाळी दिल्लीला उतरणारे विमान मिळत असेल तर ते निवडावे, आणि ओझरचे विमान त्याच दिवशीचे न घेता दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचे घ्यावे.

ओझरकर

सरांच्या म्हणण्याला जोडून एवढेच सांगतो की, ओझरचे दुपारनंतरचे विमान त्या हंगामात नसेल तर दिल्ली-मुंबई विमान आणि तिथून सायंकाळची पंचवटी एक्सप्रेस असाही मार्ग आहे. पंचवटीचे आरक्षण मात्र आधीच करून ठेवा, शुक्रवार आणि रविवार असेल तर नक्कीच.